मालूचं श्रुतलेखन

वाडी, देवगाव फाट्याजवळ
७ जुलै २०२४

सिद्धोधन गुरुजी, जयभीम.

पोस्टमन परवा विचारायला लागला, "आबा, आता पत्रं कोण लिहितं हो?" म्हणलं, ज्याला फोनमधी नुसतं खरखर ऐकू येतं तो लिहितो. मुदतीच्या तापानं कान नेले त्याला आता वीस वर्षं झाली. जवळ येऊन, तोंडासमोर उभं राहून कुणी वरडलं तर कळतं. फोनला कुठं तोंड असतं?

केशरवैनीचे गुडघे कसे हाईत? तुम्ही आमच्या वाडीवर अकरा वर्षं मास्तरकी केली, तवापासून कुठलीबी अडचण आली की पहिलं तुम्हालाच विचारायची खोड लागली. मी एसटीच्या पाट्या बघून अक्षरं शिकलेला मेंढक्या. मला शाळेतलं काय कळतंय?

अडचण नातीची हाय. शिवशंकरची विजयमाला. आम्ही मालू म्हणतो. यंदा पाचवीला गेली. शिवशंकर अन् सूनबाई बबिता दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पाथरीच्या अंगाला निघतात, ते पार उन्हाळा सरल्यावर परततात. तेवढे दिवस पोरगी माझ्याजवळ. माझी घरवाली कोंडाबाई गेल्यापासून तेवढे महिने घरात आम्ही दोघंच. ती भाकरी थापती, मी जाळ सारतो.

घरात ही पोरगी लय तल्लख. अडीचशे मेंढरांतलं कोणतं लंगडायलंय ते बांधावरून सांगती. अन् शाळेत ठोंब्या! बन्सीधर मास्तर म्हणतात, "आबा, हिला एक सांगितलं की ही दुसरंच करती. शेजारणीच्या वहीत बघून लिहिती." शिवशंकर म्हणतो, पाचवीला आता पुन्हा नापास करतात, मग कशाला ठेवायची, मेंढरांमागं हात कमी पडायलेत. मला ती शिकायला पाहिजे गुरुजी. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली पहिली बाई हाय ती.

काय करू, कळवा.

तुमचा मल्हारी


गंगाखेड
१५ जुलै २०२४

मल्हारीभाऊ, रामराम.

केशरबाईचे गुडघे तसेच आहेत आणि जीभही तशीच आहे, दोन्हीची काळजी नसावी.

तुमच्या नातीबद्दल वाचून मला माझे वर्ग आठवले. असं मूल प्रत्येक वर्गात एक तरी असतं. आधी परीक्षा घ्या, मग निकाल लावू. रविवारी तिला समोर बसवा. तिच्या पुस्तकातले वीस शब्द निवडा आणि एकेक सांगून लिहून घ्या. सोपे दहा, अवघड दहा. शेजारी कोणी बसायचं नाही, पुस्तक लांब ठेवायचं. घरी जमलं आणि शाळेत जमलं नाही, तर दोष डोक्यात नाही हे कळेल. घरीही जमलं नाही तर मग वेगळा विचार करू.

तुम्ही लाड करून अर्धे शब्द स्वतःच लिहून देऊ नका. मी तुम्हाला ओळखतो.

तुमचा सिद्धोधन


वाडी
२२ जुलै २०२४

गुरुजी, जयभीम.

वीसातले एकोणीस!

काल घेतली परीक्षा. ओसरीवर तिला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. माझा आवाज तुम्हाला ठाऊकच हाय, मलाच माझा ऐकू येत नाही म्हणून मी सगळ्या वाडीला ऐकवतो. मी 'पर्यावरण' म्हणलं तर शेजारची सुलाबाई ओसरीवर समोर येऊन वरडली, "आबा, मी बी लिहू का?" पोरीनं माझ्या तोंडाकडं टक लावून बघावं अन् खाली मान घालून लिहावं. 'ज्ञानेश्वर' बरोबर. 'स्वातंत्र्य' बरोबर. चुकला तो 'उत्कृष्ट', तो मलाबी येत नाही. लाड केला नाही गुरुजी, तुमची शपथ.

शिवशंकरला वही दाखवली. तो म्हणला, "आबा, घरी येतंय तर मग शाळंत काहून येत न्हाई?" मी भरात बोलून गेलो, "दिवाळीपर्यंत बघ. तवाच्या परीक्षेत पोरगी पास न्हाई झाली तर मीच माझ्या हातानं तिला तुझ्या बिऱ्हाडावर आणून सोडीन." तो म्हणला, "बघा, शब्द तुमचा हाय."

माझा हाय म्हणलं. वीसातले एकोणीस असल्यावर भ्यायचं कशाला?

तुमचा मल्हारी


गंगाखेड
३० जुलै २०२४

मल्हारीभाऊ, रामराम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि केशरबाईलाही वाचून दाखवलं. एकोणीस शब्द बरोबर, म्हणजे कान ठीक, डोळे ठीक, डोकं तर उत्तमच. मूल शिकतं ते आधी बघून आणि ऐकून. ती दारं उघडी असतील तर आत काही जायला अडचण नसते. मग राहिलं काय? मन. पोरगी शाळेत मन लावत नाही. शेजारणीची वही हाताशी आहे, कशाला कष्ट घ्यायचे?

उपाय सोपा आहे. बन्सीधर मास्तरांना माझं नाव सांगा आणि म्हणा, हिला शेवटच्या ओळीत एकटी बसवा. वहीत बघायला कोणी नको. आणि घरी येतं हे दाखवून दिलंय, तेव्हा शाळेत दयामाया नको. तेहतीस वर्षांत असली पोरं मी अशीच वळणावर आणली.

केशरबाई विचारते, पोरीचा कान कधी वाहत होता का? मी म्हणालो, अगं, आजोबा सांगतो ते सगळं घडाघडा लिहिते, कानाचं काय घेऊन बसलीस. तरी तिनं लिहायला लावलं म्हणून लिहिलं.

तुमचा सिद्धोधन


वाडी
९ ऑक्टोबर २०२४

गुरुजी, जयभीम.

दोन महिने पत्र नाही, कारण लिहावं असं काही नव्हतं. आजबी नाही.

आधी वैनीला सांगा, कान चांगला हाय. चार-पाच वर्षांची असताना दोन्ही कान लय वाहायचे. कोंडाबाई लसूण कढवून तेल टाकायची. मग आपोआप कोरडे झाले. आता काही तकरार नाही.

तुम्ही सांगितलं तसं मास्तरांना सांगितलं. त्यांनी शेवटच्या ओळीत खिडकीजवळ बसवली. त्यानंतर सगळं बिघडत गेलं. मास्तर फळ्याकडं तोंड करून सांगायलेत अन् ही खिडकीतून बाहेर बघायलीय. सगळी पोरं हसली की ही मागून हसती. मास्तर "बसा" म्हणले की ही उभी राहती. पोरं तिला ठोकळी म्हणायलीत. एकदा पुस्तक काढा म्हणल्यावर ती पाणी प्यायला उठली, तवा मास्तरांनी हातावर दोन छड्या दिल्या. मला भेटले तवा म्हणले, "तुमचाच निरोप होता ना आबा, दयामाया नको म्हणून?" होता. मी मान हलवली.

परीक्षेत श्रुतलेखनाला वीसातले दोन.

घरी आल्यावर विचारलं, "मला एकोणीस लिहून दाखवतीस अन् तिथं दोन? मला खोटं पाडायला निघालीस का?" ती नुसती बघत राहिली. मला राग आला गुरुजी. आयुष्यात तिच्यावर पहिल्यांदा आला. माझा शब्द जाणार, पोरगी जाणार, अन् तिला त्याचं काहीच नाही असं वाटलं. मी बोलणं सोडलं. भाकरी घेतो, ताट सरकवतो, तोंड फिरवून झोपतो. आज नववा दिवस. ती समोर येऊन बसती, माझ्या तोंडाकडं बघती. मी भिंतीकडं बघतो.

बरोबर करायलोय का?

मल्हारी


गंगाखेड
१५ ऑक्टोबर २०२४

मल्हारीभाऊ, रामराम.

तुमचा जीव तुटतो आहे हे कळतं. पण आता ढिलाई नको. छडीपेक्षा अबोला लागतो. ज्या माणसावर मुलाचा जीव असतो त्याचा तर फार लागतो. दिवाळीपर्यंत धरून ठेवा. ती आपणहून म्हणेल, आबा, मी अभ्यास करते. त्या दिवशी जवळ घ्या.

शिवशंकरशी मी बोलेन. एका परीक्षेवर निकाल लावू नकोस म्हणेन.

सिद्धोधन


परभणी
११ नोव्हेंबर २०२४

गुरुजी, जयभीम.

दवाखान्याच्या खाटेवरून लिहितोय. खुब्याचं हाड मोडलंय. त्याची फिकीर करू नका.

धनतेरसच्या दिवशी मेंढरांच्या पूजेचं सामान आणायला फाट्यावर गेलो होतो. मालू माझ्यामागं चालत होती. मी पुढं. अबोला चालूच होता, म्हणून हात धरला नव्हता. एरवी रस्त्यानं मी तिचा हात धरतो. मागून जीप आली. मला हॉर्न ऐकू येत नाही हे सगळ्या फाट्याला माहीत हाय, पण संगं पोरगी दिसल्यावर जीपवाल्याला वाटलं ती ओढून घेईल. तिनं ओढलं नाही. चहावाला बालाजी धावत आला, तिला एका हातानं उचललं अन् मला दुसऱ्या हातानं ढकललं. मी दगडावर पडलो.

बालाजीनं माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं अन् वरडला, "आबा, तुमचं समद्यांना ठावं हाय. पर एक बहिरा कमी होता म्हणून आता जोडीनं निघाले का? पोरीला तीन हाका मारल्या मी! जीप केवढी वाजवायलीय, अन् ही निवांत!"

मी मालूकडं बघितलं. ती बालाजीच्या तोंडाकडं बघत होती. जशी माझ्या तोंडाकडं बघती तशीच.

इथं मला आणलं, संगं तिलाबी दाखवलं. डॉक्टरीणबाईनं कागद आपल्या तोंडासमोर धरला अन् कागदाआडून काहीतरी विचारलं. शिवशंकर म्हणतो, नाव विचारलं होतं. पोरीनं वळून माझ्याकडं बघितलं, काय म्हणल्या सांगा म्हणून.

दोन्ही पडदे फुटलेत. लहानपणी वाहत होते तवाच. डावा कान गेल्यातच जमा, उजव्याला थोडं. कान कोरडे झाले म्हणून आम्ही देवाला नारळ फोडला होता गुरुजी. आत काय राहिलं ते कुणी बघितलंच नाही.

इथं पडल्या पडल्या सगळं उलगडायलंय. आमच्या घरात सगळे माझ्यासाठी वरडून बोलतात. तोंडासमोर येऊन, हातवारे करून. पोरगी तशाच घरात वाढली. तिला जेवढं लागतं तेवढं तिला घरात मिळत होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर तवाच कळलं असतं. अन् ती आपली परीक्षा! गुडघ्याला गुडघा लावून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं मी सांगत होतो. शाळेत शेजारणीची वही होती, ती आपण काढून घेतली. मास्तरांचं तोंड दिसत होतं, ते लांब केलं.

अन् तिच्या कानापर्यंत धड पोचणारा एकच आवाज होता. तो मी महिनाभर बंद ठेवला.

वैनीला सांगा, त्यांनी बरोबर विचारलं होतं.

मल्हारी


गंगाखेड
२४ नोव्हेंबर २०२४

मल्हारीभाऊ,

तुमचं पत्र केशरबाईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुम्ही सगळा गुन्हा स्वतःच्या पदरात घेतला आहे. तसं करू नका. एकटी बसवा असं मी लिहिलं. दयामाया नको असं मी लिहिलं. अबोला धरून ठेवा हेही मीच लिहिलं. तुम्ही विचारलं होतं, बरोबर करतोय का, आणि मी हो म्हणालो. तुम्ही शाळेत गेला नाहीत. मी तेहतीस वर्षं वर्गात उभा होतो. एकदाही मुलाच्या मागे जाऊन हाक मारून बघितलं नाही.

माझ्या वर्गात रंगनाथ नावाचा एक मुलगा होता, तीस वर्षांपूर्वी. असाच. सांगितलेलं करायचा नाही, दुसऱ्याच्या पाटीत बघायचा. त्याला मी दोन वर्षं शेवटच्या ओळीत बसवला आणि तिसऱ्या वर्षी तो आलाच नाही. सुटलो, असं मला वाटलं होतं. तो इथंच आहे. उसाच्या गाड्या भरतो. तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी जाऊ की नको करत होतो. चौथ्या दिवशी गेलो. तो पाठमोरा उभा होता. मी त्याच्या मागे दोन हातांवर जाऊन जोरात टाळी वाजवली. पलीकडचे चार गडी वळले. तो वळला नाही.

मग मी पुढे गेलो. त्यानं मला ओळखलं. "गुरुजी!" म्हणाला आणि चिखलाच्या हातांनी पाया पडला. बायकोला हाक मारून सांगायला लागला, "ह्यांनी मला शिकवलंय."

मी त्याला काही सांगू शकलो नाही. तुम्हाला सांगतो आहे.

परभणीला कानाच्या मशीनचं शिबिर जानेवारीत आहे. मालूचं नाव मी नोंदवलं आहे. तिला शाळेतून काढू देऊ नका. बन्सीधर मास्तरांकडे मी स्वतः येऊन बोलतो, तिला पुढच्या ओळीत बसवा म्हणतो, तोंड पोरांकडे करून शिकवा म्हणतो. मी पाया पडेन त्यांच्या. शिवशंकरला सांगा, तो शब्द तुमचा नव्हता. मी दिलेल्या चुकीच्या हिशोबावर तुम्ही दिला होता.

सिद्धोधन


वाडी
९ फेब्रुवारी २०२५

गुरुजी, जयभीम.

तुम्ही येऊन गेलात, मास्तरांशी बोललात, सगळं सुलाबाईनं सांगितलं. मी तवा परभणीलाच होतो. मास्तर भले माणूस हाईत. म्हणले, नाव काढणार नाही, कवाबी येऊ द्या.

आता पुढचं सांगतो.

दिवाळीनंतर शिवशंकर पोरीला बिऱ्हाडावर घेऊन गेला. मी खाटेवर होतो, तिला कुणाजवळ ठेवणार? तो मला टोचून बोलला नाही. नुसतं म्हणला, "आबा, आता तिला माराया कुणी न्हाई तिथं." शिबिराला पाथरीहून बबिता तिला घेऊन आली. मलाबी काठीवर नेलं. डाव्या कानाला मशीन लागू होत नाही. उजव्याला बसवलं. डॉक्टरीणबाई बबिताला म्हणल्या, हा उजवा कान हल्लीच जास्त बिघडलाय, आत पाणी जाऊन पिकला होता, कुणी पाणी घातलं? बबिताला ठाऊक नव्हतं. मलाबी नव्हतं.

मशीन बसल्यावर पोरगी दचकायला लागली. पंख्याकडं बघती, दाराकडं बघती, स्वतःच्या चपलेकडं बघती. मी जवळ सरकलो अन् म्हणलं, "मालू!" तिनं दोन्ही हात कानावर दाबले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "आबा, हळू," म्हणली. मी हळू बोललो. तिनं पुन्हा हात दाबले. आणखी हळू बोललो, तर बबितानं हात हलवला, आता काहीच ऐकू येत नाही म्हणून. माझा आवाज केवढा हाय हे मला कसं कळावं? इतक्या वर्षांत जे दोघांचं जमलं होतं ते आता जमेना.

मग खिशातला कागद काढला. त्यावर लिहिलं, 'शाळेत येतीस का?' अन् पेन तिच्याकडं दिला.

ती बराच वेळ लिहीत बसली. मांडीवर कागद धरून, जीभ दाताखाली धरून. तिनं लिहिलं ते तसंच उतरवतो.

'आबा, मला वाटायचं सगळ्यांना असंच ऐकू येतं. बाकीच्या पोरी मास्तरांच्या मनातलं ओळखतात आणि मला ओळखता येत नाही असं वाटायचं. नंतर वाटलं मी तुमच्यासारखी होत आहे. मला बरं वाटलं, कारण तुम्हाला कोणी मारत नाही. मग तुम्ही बोलेनासे झालात. तेव्हा मला वाटलं माझे कान घाण झाले असतील. म्हणून मी रोज हौदावर जाऊन कानात पाणी घालून धूत होते. तरी तुम्ही बोलला नाहीत.'

वाचून झाल्यावर मी तिच्याकडं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. बबिता विचारायली, "काय लिवलंय आबा?" तिला वाचता येत नाही. म्हणलं, तिकडं बरं हाय म्हणती.

शाळेचं उत्तर तिनं लिहिलंच नाही. मीबी परत विचारलं नाही. विचारायचा हक्क असतो का गुरुजी, असं सगळं केल्यावर? जीपमधी बसताना तिनं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं अन् बबिताच्या पिशवीत ठेवलं. मग माझ्यासमोर आली, एकदम जवळ, अन् माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मी बोलावं म्हणून. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. जीपवाला घाई करायला लागला, बबितानं तिला वर घेतलं.

तुम्ही माझ्याकडं माफी मागता. माझ्याकडं मागू नका, माझ्याजवळ ती नाही.

तिचा कागद तुम्हाला पाठवणार होतो, अक्षर बघा म्हणून. दोनदा पाकिटात घातला अन् दोनदा काढला. माझ्याजवळच राहू द्या. तुम्ही तेहतीस वर्षं वह्या तपासल्यात म्हणून एवढंच कळवतो, त्यात एकबी चूक नाही.

मल्हारी